आधी फांदीला गाठ

अळीच्या लेंड्या पडण्याचा आवाज मला फार आवडतो, असं मी परवा शिक्षकांच्या खोलीत बोलून गेले आणि चौघांनी एकदम डबे बंद केले. त्यांचं काही चुकलं नाही, जेवताना बोलायची ती गोष्टच नव्हे. पण काय करू, आश्विन सरत आला की माझ्या कानात तो आवाज सुरू होतो. वाळक्या पाचोळ्यावर टप, टप, जरा थांबून पुन्हा टपटप. आभाळ कोरडं ठणठणीत, ऊन अंगावर येणारं, आणि एका ठरावीक झाडाखाली मात्र बारीक पाऊस लागलाय असं वाटावं. वर शेकडो अळ्या पानं खात असतात आणि खाल्लेलं खाली टाकत असतात. एवढंच ते. पण ज्यानं ऐकलंय त्यालाच त्याची मजा.

घुग्घुसला आता माझी शाळा रस्त्याला लागून आहे. कोळशाचे ट्रक दिवसभर जातात, खाणीतली पाळी सुटली की मोटारसायकलींची रांग जाते, आणि शाळेपुढच्या बदामाच्या पानावर इतकी धूळ बसते की पोरं बोटानं त्यावर आपलं नाव लिहितात. गेल्या आठवड्यात तिसरीतल्या एकाला तसल्याच धुळकट पानाखाली हिरवी अळी सापडली. हातावर घेऊन माझ्याकडे धावत आला. "बाई, हे काय खाते? धूळ?" मी हसले आणि खाली वाकून बघितलं. त्याच्या तळहातावरची अळी डोकं वर करून हवेत काहीतरी शोधत होती, आणि मी सात वर्षं मागे जाऊन पोहोचले होते.

तेव्हा मी सिंदेवाहीच्या पुढे, जंगलात शिरलेल्या एका लहानशा गावात होते. त्याला आपण येनटोला म्हणू. खरं नाव छापलं तर तिथली माणसं मला रागावतील आणि रागावायचा त्यांना हक्क आहे. येन म्हणजे ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल, जाडजूड पान. त्या गावातली ढिवरांची घरं मासे धरायची, थोडं धान लावायची आणि येनाच्या झाडांवर रेशमाचे किडे वाढवायची. कोसा म्हणतात तो हाच. मी बल्लारपूरची, वडील कागदाच्या कारखान्यात. भिजलेल्या लगद्याचा वास मला ओळखता येई, पण झाडाचं नाव विचाराल तर आंबा, लिंब आणि वड, इथे माझी पाटी संपायची. झाडाचा कागद झाल्यावरच माझी त्याच्याशी ओळख.

त्या वर्षी प्रशिक्षणातून आमच्या डोक्यावर एक नवं खूळ आलं होतं: एक पुस्तक, एक उपक्रम. मुलांना चित्रांचं पुस्तक वाचून दाखवायचं आणि लगेच बाहेर नेऊन त्याच विषयातलं काहीतरी हातानं करायला लावायचं. ढगाचं पुस्तक असेल तर मैदानात पडून ढग बघा, मातीचं असेल तर चिखल कालवा. आणि हो, फोटो काढून ग्रुपवर टाका. मी आधी नाक मुरडलं. प्रशिक्षणात मी नेहमीच नाक मुरडते. पण माझ्या वाट्याला जे पुस्तक आलं ते बघून मीच खूश झाले. पोपटी रंगाची एक अळी, पानापानातून सरकत जाणारी. अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. मोजून सोळा पानं. मागच्या पानावर लिहिलेलं: 'आता बाहेर चला! अळी शोधा. हळूच हात लावा. मोजा. ती घर कसं बांधते ते पाहा.'

मी म्हटलं, घ्या! सगळ्या महाराष्ट्रातले शिक्षक आता अळ्या शोधत फिरतील, आणि माझ्या शाळेच्या मागे एका एका झाडावर शंभर असतात. मला वाटलं होतं, सगळ्यात सोपा उपक्रम माझाच.

समीक्षा चौथीत होती. वाचता येत नव्हतं असं नाही, ती वाचत नसे. पुस्तक दिलं की उलटं धरून खिडकीबाहेर बघायची. बारीक चण, कानात लिंबाच्या काड्या, आणि विचारलं तर 'हो जी' किंवा 'नाई जी', तिसरा शब्द नाही. त्या दिवशी मी गोल करून मुलांना बसवलं, पुस्तक उघडलं, आणि शेवटच्या पानावर आले. रंगीत फुलपाखरू लाल फुलात सोंड घालून मध पीत होतं. मी मोठ्या थाटात वाचलं, आणि समीक्षा म्हणाली, "नाई जी. त्याले तोंड नसते."

पोरं हसली. मीही हसले, त्याचं आज वाईट वाटतं. म्हणाले, "असं कसं? तोंड नसेल तर खाईल कसं?"

"नाई खात."

"पुस्तकात बघ की, खातंय."

"पुस्तकातलं खात असन," ती म्हणाली. "आमच्या घरचं नाई खात." एवढं बोलून ती पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागली.

मला रात्रभर ते टोचत राहिलं असं म्हणणार नाही, मी गाढ झोपले. पण सकाळी दात घासताना डोक्यात तेच. आमच्या बौद्ध घरात 'असंच असतं' हे उत्तर वडील चालवून घेत नसत. काऊन, म्हणजे का, ते सांग, म्हणायचे. ती खोड मला लागली आहे आणि तिच्यामुळे मी आयुष्यात बरेच शत्रू केले आहेत. संध्याकाळी शाळेतलं भिंग पर्समध्ये टाकलं आणि समीक्षाच्या घरी जाऊन धडकले.

पोळा होऊन गेलेला, हवेत दमटपणा. पडवीत बांबूला कोशांच्या माळा टांगलेल्या. करड्या पिवळट रंगाचे, बोराहून बरेच मोठे, हातात घेतले तर दगडासारखे टणक. समीक्षाची आई रेखाबाई खाली टोपल्या मांडून बसली होती. हे पुढच्या पिकाचं बियाणं. यातून पाखरं निघणार, ती अंडी देणार, अंड्यांतून किडे निघणार आणि मग ते किडे येनावर चढवायचे. दिवे लागायच्या सुमाराला एका कोशाचं टोक ओलं दिसायला लागलं. "पाह्या बाई, आता पाह्या," रेखाबाई म्हणाली. कोणी आतून थुंकी लावून भिंत मऊ करावी तसं. मग एक तांबूस केसाळ डोकं, मग पाय, आणि मग पिळून ठेवलेल्या ओल्या फडक्यासारखे पंख. ते पाखरू माळेला लटकून राहिलं आणि आमच्या डोळ्यांदेखत पंख उलगडत, वाळत, माझ्या पंज्याएवढे झाले. प्रत्येक पंखावर एक गोल, त्यातून पलीकडचा दिवा दिसत होता.

समीक्षानं ते अलगद बोटावर घेतलं आणि माझ्यापुढे धरलं. मी भिंग लावलं. जिथे तोंड असायला हवं तिथे नुसते केस. मी भिंग फिरवून फिरवून पाहिलं. तोंड नव्हतंच. माझ्या अंगावर काटा आला, अगदी खरं सांगते. पन्नाशीकडे झुकलेली बाई, बारावीला जीवशास्त्र घेतलेली, आणि मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

"मग हे जगतं कशावर?"

"किडा होता तवा खाल्लं ना त्यानं," समीक्षा म्हणाली. "तेवढ्यावरच. आठ दिवस."

"आणि मग?"

"अंडे देते अन् मरते." तिला यात दुःखाचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण मी ते तिच्यापुढे दाखवलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी उभी राहून सांगितलं की समीक्षाचं बरोबर होतं आणि माझं चूक. पुस्तकातलं फुलपाखरू वेगळं, आपल्या गावचं वेगळं. पोरांना बाईंची चूक म्हणजे मेजवानीच. मधल्या सुट्टीत मी पाहिलं तर समीक्षा कोपऱ्यात ते पुस्तक घेऊन बसली होती, सरळ धरून. बोट ठेवून वाचत होती. तिला बाकीचं काही नको होतं. पुस्तकात अजून काय काय चुकलंय ते तिला शोधायचं होतं. मी तिला हात लावला नाही, आवाजही दिला नाही. वाचायचं कारण माणसाला कुठून मिळेल, सांगता येत नाही.

दोन दिवसांनी ती स्वतःहून माझ्या टेबलापाशी आली. कोषाचं पान उघडून म्हणाली, "बाई, हे खरं हाये का खोटं, मले नाई मालूम."

"तुला नाही माहीत? तुमच्या घरी तर पिढ्यान्‌पिढ्या..."

"आमी नाई जात ना येनावर. बाया नाई जात. पाखरू मले मालूम हाये. किडा घर कसा बांधते, थे बाबाले मालूम." मग पुस्तकाच्या मागच्या पानावर बोट ठेवून, अडखळत, एकेक अक्षर जोडत तिने वाचलं, "ती घर कसं बांधते ते पाहा." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मले पाह्याचं हाये. एकडाव."

ते ऐकून मला काय झालं, ते ज्यांनी मुलांना शिकवलंय त्यांनाच कळेल.

तर अशी ती विभागणी होती. झाडावरचा किडा पुरुषांचा, घरातलं पाखरू बायांचं. सोळा पानांचं पुस्तक मधोमध फाडून दोघांत वाटून घेतल्यासारखं. पुरुषांनी आंघोळ केल्याशिवाय राखणीला जायचं नाही, पायात चप्पल नाही, मटणमच्छी बंद, किडे घर बांधेपर्यंत दाढी करायची नाही. समीक्षाच्या वडिलांची, बंडूभाऊंची, दाढी पाहून गावाला किड्यांचं वय कळायचं. किडे मोजायचे तर मुळीच नाहीत, नजर लागते. आणि बाईमाणसानं त्या झाडांत पाऊल टाकायचं नाही.

काऊन? मी जो भेटेल त्याला विचारत सुटले. एक म्हातारे म्हणाले, बांगड्यांचा आवाज किड्याले खपत नाई. मी हात पुढे केला: मी बांगड्या घालत नाही, घड्याळ घालते. ते म्हणाले, "घड्याळबी वाजतेच ना." दुसऱ्यानं सांगितलं हळदीचा वास. तिसऱ्यानं, देवाचं काम हाये, विचारू नये. रेखाबाईनं तर हातच जोडले. "बाई, आमाले काहाले जाचं तिथी? घरी का कमी काम हाये?" आणि तेही खरंच होतं.

बंडूभाऊंना मी त्यांच्या झाडांच्या कडेला, बांधावर उभी राहून गाठलं. ते आत, मी बाहेर, मध्ये दोन हात गवत. धान पोटरीला आलेलं, त्याचा दुधाळ वास. खांद्यावर गोफण, डोळे वर. बोलताना ते एकदाही माझ्याकडे बघत नव्हते, कारण कावळा आणि कोतवाल पक्षी बघायला सवड देत नाहीत. क्षणभर नजर हलली की किडा गेला. मी म्हटलं, सगळ्या मुलांना घेऊन येते, एक तास, लांबूनच. ते म्हणाले, "पोरं आना ना जी. पोरी नाई."

"मग पोरंही नाहीत," मी फणकाऱ्यानं म्हणाले. माझं हे असं, आधी भडकायचं आणि मग विचार करायचा.

ते हसले. गोफणीतून एक ढेकूळ भिरकावलं, पाखरू उडालं. मग म्हणाले, "बाई, तुमी शिकल्या सवरल्या. मले विचारसान काऊन, तं मले नाई मालूम. माह्या बापालेबी मालूम नोतं. पन एका साली मोडलं अन् पीक गेलं, तं लोक कोनाचं नाव घेतीन? माह्या पोरीचं घेतीन. मंग थे नाव तिच्या लग्नापर्यंत पुसत नाई."

मी आतापर्यंत नियमाशी भांडत होते. हा माणूस त्या नियमाचा विचारच करत नव्हता, तो आपल्या मुलीचा करत होता.

पण गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. आठवडाभरानं मीच मधली वाट काढली. किडे एका झाडाची पानं संपवतात, तेव्हा राखणदार किड्यासकट फांद्या कापून दुसऱ्या झाडाला लावतात. मग एक फांदी शाळेत का येऊ नये? किडा पोरींकडे आला, पोरी किड्यांत गेल्या नाहीत. बंडूभाऊंनी दाढी खाजवत बराच विचार केला. "बाईनं मागतलं म्हनून," म्हणत एका सकाळी ते फांदी घेऊन शाळेत आले.

पाण्याच्या बाटलीत ती फांदी मी व्हरांड्यात ठेवली. वीतभर किडा, कोवळ्या पानाच्या रंगाचा, दोन्ही बाजूंना चांदीचे ठिपके. पोरं इतकी गप्प बसली की मला माझाच श्वास ऐकू येत होता. तो खात होता, आणि खाण्याचा आवाज येत होता, कर्र कर्र. समीक्षा सगळ्यात पुढे. मधेच मागे वळून मला म्हणाली, "आज उद्या बांधते पाह्या. रंग पाह्या ना त्याचा." तिने एवढा वाढलेला किडा आधी कधी पाहिला नव्हता, तरी तिला ते कळत होतं. घरात वडिलांचं बोलणं कानावर पडत आलेलं.

खिचडीची वेळ झाली. समीक्षा म्हणाली, "मी जेवत नाई बाई, इथीच बसतो."

मी म्हटलं, "आधी जेवण. पाच मिनिटांनी काही बिघडत नाही."

पाच मिनिटांनी आलो, तर फांदी रिकामी. खिचडी शिजवणाऱ्या बाईंची तांबडी कोंबडी व्हरांड्यात चोच पुसत उभी होती.

कोणी हसलं नाही. समीक्षा रडली नाही. तिने फांदीवरची पानं एकेक उलटून पाहिली, खाली पाहिलं, बाटलीत पाहिलं. मग आपलं दप्तर घेऊन घरी निघून गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बंडूभाऊंना सांगायला गेले तर तेच मला समजावत होते, "एकच तं होता जी. जाऊ द्या." मी घरी येऊन कांदा चिरायला घेतला आणि मनसोक्त रडले, कांद्याचं निमित्त बरं पडलं.

इथपर्यंत ही नुसती फजिती होती. पुढे दिवाळी चार दिवसांवर आली असताना पाऊस लागला. अवेळी, तीन दिवस, थांबायचं नाव नाही. धान आडवं झालं. आणि ऊन पडल्यावर येनावरचे किडे मलूल दिसायला लागले. खाणं सोडलं, मग डोकं खाली करून लटकले, मग काळे पडले. बांधावरून जाताना नाकाला पदर लावावा असा वास. दर वर्षी थोडे जातात. त्या वर्षी झाडंच्या झाडं रिकामी झाली. ती टपटप थांबली, हे मला एका सकाळी अचानक जाणवलं.

आणि गावाला कारण सापडलंच. शाळेत किडा नेला. बायापोरींच्या हाती दिला. बंडूच्या पोरीनं हट्ट केला.

समीक्षा शाळेत येईना. चौथ्या दिवशी मी घरी गेले. दाराआड उभी होती, माझ्यासमोर आली नाही. रेखाबाई हळू आवाजात म्हणाली, "पान्यावर जाते तं बाया बोलतात, बाई. तुह्या पायानं गेलं म्हनतात. काल तिनं पुस्तक आनून देलं माह्याजवळ, म्हने बाईले वापस करून दे."

पुस्तक माझ्या हातात आलं. मी काय करावं? मी हातपंपावर गेले आणि तिथे ज्या बाया होत्या त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. पाऊस काय समीक्षानं पाडला? कोंबडी काय तिनं पाळली? फांदी मागितली मी, बोला मला! त्या ऐकून घेत होत्या, घागरी भरत होत्या, आणि गेल्यावर नक्कीच दुप्पट बोलल्या असतील. मला तोंड दिलंय, तर मी ते कुठेही उघडते. पण त्या दिवशी कळलं, की मी उद्या बदली होऊन जाईन आणि ही मुलगी इथेच राहील. उपक्रम माझा होता. किंमत ती मोजत होती.

आजही नवी पुस्तकं आली, की मागचं पान मी आधी वाचते. 'बाहेर चला' लिहिणं सोपं असतं. बाहेर म्हणजे कुठे, ती जागा कुणाची, तिथे कोण जाऊ शकतं, हे पुस्तकाला ठाऊक नसतं. मला ते ठाऊक असायला हवं होतं. पण मग असंही वाटतं, की मी ते पान वाचलंच नसतं तर? समीक्षा अजून पुस्तक उलटं धरून खिडकीबाहेर बघत असती का?

दिवाळी झाली. मंडईचे, म्हणजे इकडच्या गावजत्रांचे दिवस आले, गावोगाव रात्रीच्या नाटकांचे मंडप पडायला लागले, आडव्या झालेल्या धानाला माणसं विळ्यानं उचलून उचलून कापत होती. एका दुपारी शाळेच्या फाटकात बंडूभाऊ उभे. दाढी तशीच, आता चांगली दाट झालेली. मागे समीक्षा, मान खाली.

"बाई," ते म्हणाले, "मी नाल्याच्या पलीकडं जाऊन पाह्यलो. माह्या भावाच्या येनावर."

"बरं, मग?"

"त्याचे माह्याहून जास्त मेले. त्याचा किडा तं कोनी शाळेत नेला नोता. त्याच्या झाडात बाई सोडा, बकरीबी गेली नाई." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "चार दिवस मी हेच इचार करून राह्यलो. मंग त्याचे काऊन मेले?"

काऊन. तो शब्द आज त्यांच्या तोंडून आला होता. इतके दिवस मी तो शब्द गावभर वाटत फिरत होते, आणि हा माणूस एकटा नाला ओलांडून त्याचं उत्तर बघून आला होता.

"भावाले सगळ्यांसमोर बोलावलं काल," ते म्हणाले. "त्याच्या तोंडानंच सांगाले लावलं. आता पोरीले घेऊन जातो. माह्या दोन झाडांवर उरले हायेत काही. आज बांधाले घेतीन."

समीक्षानं मान वर केली. मला विचारायचं होतं, नक्की का? उद्या आणखी काही झालं तर? त्याऐवजी मी म्हणाले, "मीही येते. नाव घेतील तर दोघींचं घेतील."

"चाला ना जी," बंडूभाऊ म्हणाले. "चपला मात्र काढा."

आम्ही नळावर हातपाय धुतले आणि निघालो. बांधापाशी समीक्षा थांबली. तिथपर्यंत ती शंभरदा डबा घेऊन आली असेल. तिथून पुढे एकदाही गेली नव्हती. वडिलांनी मागे वळून पाहिलं नाही, नुसते चालत राहिले, आणि तिनं गवतात पाय टाकला. अनवाणी पायाला ओली माती थंड लागत होती. रिकाम्या झाडांवर खाल्लेल्या पानांच्या नुसत्या शिरा. शेवटच्या दोन येनांवर पानं होती आणि त्या पानांत ते होते.

बंडूभाऊंनी एका खालच्या फांदीखाली पोतं अंथरलं, समीक्षाला आणि मला बसवलं, आणि स्वतः गोफण घेऊन पलीकडे उभे राहिले, डोळे वर.

आमच्यापुढच्या किड्यानं खाणं सोडलं होतं. आधी त्यानं दोनतीन पानं जवळ ओढली, धाग्यानं एकमेकांना टाचली. मला वाटलं, आता बांधणार. पण तो त्या पानांच्या आडोशातून बाहेर आला, देठावरून मागे मागे गेला, पार फांदीपर्यंत, आणि तिथे डोकं डावीउजवीकडे नेत फांदीला वेढे द्यायला लागला. वेढ्यावर वेढा. पुन्हा देठावरून खाली, देठालाही धागा, पुन्हा वर फांदीला. तास उलटून गेला, तरी तो घराला हात लावत नव्हता.

"हे पुस्तकात नाई," समीक्षा कुजबुजली.

नव्हतंच. पुस्तकातला कोष पानाला चिकटवलेला होता. मी कपाळाला आठ्या घालून बसले होते, आणि एकाएकी माझ्या डोक्यात उजेड पडला, तो तिच्या तोंडून बाहेर आला. "बाई, येनाचे पानं गळतात ना. पानालेच बांधलं तं खाली पडन थो. म्हनून आधी फांदीले गाठ मारते."

पान गळेल, हे त्याला कोणी सांगितलं? त्यानं तर पानगळ पाहिलेलीच नाही. पानं गळतील तेव्हा तो आत असणार, डोळे मिटून, स्वतःचं सगळं मोडून नव्यानं घडवत. ज्या दिवसाची त्याला काही कल्पना असायचं कारण नाही, त्या दिवसासाठी तो गाठ मारत होता. मला त्याचं उत्तर आजही माहीत नाही, आणि खरं सांगू, सात वर्षांत मी ते शोधलंही नाही. काही प्रश्न मी हौसेनं तसेच ठेवले आहेत.

ऊन कललं. गाठ पक्की झाल्यावर तो पानांच्या आडोशात शिरला आणि स्वतःभोवती जाळं विणायला लागला. इतकं विरळ की आतला हिरवा किडा दिसत होता, त्याचं डोकं हलताना दिसत होतं. समीक्षानं इतका वेळ पाय हलवला नव्हता. मग वडिलांकडे न बघता, हळूच म्हणाली, "बाबा, तुमाले तं रोजच दिसत असन हे."

बंडूभाऊंनी वर बघतच गोफण एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली. मला वाटलं ऐकू गेलं नसेल.

"नाई वं पोरी," ते म्हणाले. "तुह्याएवढा होतो तवापासून इथी उभा हावो. मी कावळेच पाह्यत राह्यलो. संध्याकाळी पाह्यलं तं घर झालेलं दिसे. बांधताना असं... नाई पाह्यलं मी कधी."

समीक्षानं पहिल्यांदा त्या फांदीवरून नजर काढली आणि वडिलांकडे पाहिलं. मग ती पोत्यावर सरकली, मला कोपरानं ढोसून सरकवलं, आणि मधल्या जागेवर हात आपटला.

"मंग बसा ना इथी."

त्यांनी एकदा आभाळाकडे बघितलं. खांद्यावरची गोफण काढून गवतात ठेवली, आमच्या दोघींच्या मध्ये येऊन अवघडून बसले आणि डोळे बारीक करून पुढे वाकले. "कुठी हाये?" त्यांनी विचारलं. समीक्षा बोट न लावता त्यांना दाखवायला लागली: ही गाठ, हा देठ, हे पाह्या डोकं, आता इकडं जाते, आता तिकडं. तिघंही अंधार पडून काही दिसेनासं होईपर्यंत तिथंच बसून होतो. त्या संध्याकाळी त्या झाडावर कावळे आले की नाही, हे आमच्यापैकी कोणालाच सांगता येणार नाही.